पांढऱ्या खोळीवरची जागा

१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पंक्चरवाल्या काकांच्या दुकानापुढचा तो बाक तुला आठवतो का? एका पायाखाली वीट लावलेला. शाळा सुटली की दर पंधरा दिवसांनी आपली सायकल तिथे मुक्कामाला असायची. तू दप्तर मांडीवर घेऊन, शाळेतल्या मदरनी शिकवल्याप्रमाणे गुडघे जुळवून बसायचीस, आणि मी बादलीवर ओणवी. काका ट्यूब वीतवीतभर पाण्यात बुडवत पुढे सरकवायचे. बुडबुडा दिसला की मी किंचाळायचे, सापडलं, सापडलं! तू म्हणायचीस, मुलींनी रस्त्यावर ओरडू नये. काका म्हणायचे, ओरडू दे, माझे डोळे आता अधू झालेत. परवापासून मला तो बाक सारखा दिसतोय. का, ते खाली लिहिते. याआधीचे चार कागद फाडून झालेत, हा फाडायचा नाही असं स्वतःला बजावलंय.

अकरा वर्षांपूर्वी माझी गर्भाची पिशवी काढली, हे तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही. त्या शस्त्रक्रियेनंतर आत एक भोक पडलं. मागचा मार्ग आणि पुढचा मार्ग यांच्यामधल्या भिंतीत. त्याला फिस्टुला म्हणतात. त्यातून वारा आणि थोडी घाण भलत्याच वाटेने येते, आणि कधी येईल याला काही धरबंध नाही. दीड महिन्यातच तिथल्या डॉक्टरांनी सूज उतरायच्या आत घाईघाईने खालून टाके घातले. तिसऱ्या आठवड्यात सगळं उसवलं. त्यानंतर मी तोंडाला कुलूप लावलं. ह्यांच्याशिवाय कोणालाही कळू दिलं नाही. नाटक कंपनीतलं कपडेपटाचं काम सोडलं, ते पाठदुखीमुळे नव्हे. बंद खोलीत नटनट्यांच्या अंगाला कपडे बेतायचे म्हणजे त्यांच्या फार जवळ जावं लागतं.

आणि आता तुझ्या सोफ्याचं. त्या वेळी तुझ्याकडे चार दिवस राहायला म्हणून आले आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने निघून गेले. तुझ्या सोफ्यावर त्या दिवशी डाग पडला होता, ताई. पांढऱ्या खोळीवर, मधोमध. तू झोपल्यावर मी खोळ काढून धुतली, इस्त्रीने वाळवली, तरी पुसटसं राहिलंच, म्हणून उलटी करून चढवली. तुला सांगायची हिंमत झाली नाही. तेव्हापासून कोणाच्याही घरी गेले तर आपलं घडीचं स्टूल बरोबर नेते आणि दाराजवळ बसते. लोक समजतात, बाईला फार टेंभा आहे.

आता एवढ्या वर्षांनी का सांगते? तर सुनेमुळे. ती रुग्णालयात शस्त्रक्रियेची हत्यारं धुण्या-उकळण्याच्या विभागात आहे. एकदा मी आजारी असताना तिने माझं धुणं केलं. आठवडाभराने म्हणाली की आई, आमच्याकडे एक डॉक्टरीणबाई आल्या आहेत, त्या हेच शिवतात, तेही पोट न फाडता, चार बारीक भोकांतून. मी तुमचं नाव घालून आलेय. चिडायचं असेल तर बाहेरच्या बाकावर बसून चिडा.

वीस फेब्रुवारीला शस्त्रक्रिया आहे. तू रागावशील याची भीती त्या सुईपेक्षा जास्त वाटते. लोभ अकरा वर्षं उभाच ठेवला मी, त्याला आता बसायला सांग.

तुझी,
बुटकी


१९ जानेवारी

सौ. बुटकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकदा उभ्याने, एकदा बसून, एकदा चष्मा पुसून. मग स्वयंपाकघरात जाऊन उगाचच एक डबा आपटला. शेजारीण विचारायला आली की काय झालं. म्हटलं, बहीण झाली.

मूर्ख मुली! (एकसष्ट वर्षांची असलीस तरी.) तू गेल्यावर त्या खोळीची शिवण बाहेरून दिसली तेव्हा मला काय वाटलं, माहीत आहे? मला वाटलं, आईचं शिवणयंत्र मी ठेवून घेतलं म्हणून तू मला मुद्दाम दाखवून गेलीस, की ताई, तुझं सगळं उलटंच असतं. मी त्या शिवणीत टोमणा वाचला. आणि मग मानाने मान वर ठेवून तुला अकरा वर्षं चार ओळींची पत्रं पाठवली. यंत्र काय, मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. आईचा हात त्या चाकावर फिरलेला, एवढ्यासाठी ते इथे राहिलं. दर महिन्याच्या एक तारखेला मी त्याला तेल घालते. न जाणो, तू एखाद्या दिवशी येशील आणि म्हणशील, ताई, याला गंज चढवलास.

खोळ अजून उलटीच आहे. मी सरळ केली नाही. अहंकार, दुसरं काय.

आता माझे प्रश्न. मी भूगोल शिकवला, शरीर नाही, त्यामुळे नीट समजावून सांग. भोक जर त्या प्रदेशात आहे, तर पोटातून कशाला जायचं? डोंगराच्या पायथ्याची विहीर दुरुस्त करायला कोणी शिखरावरून उतरतं का? त्या बाईंचं वय काय? हात थरथरत नाहीत ना? आणि पूर्वी उसवलं ते आता का उसवणार नाही?

रागावले आहेच. पण राग माझ्याकडे जपून ठेवलाय, तू समोर आलीस की देईन.

तुझी आशीर्वाद देणारी (आणि डबे आपटणारी),
ताई


२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना मी इतकी हसले की हे घड्याळदुरुस्तीच्या दुकानातून चिमटा हातात घेऊनच आत आले. मग रडले. मग पुन्हा हसले. ह्यांनी तेवढ्यात दोन घड्याळांना चावी देऊन घेतली.

आधी एक गोष्ट. ‘तो प्रदेश’ वगैरे चालणार नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात की ज्याचं नाव घेता येत नाही त्याच्यावर उपचार कसा करणार? मला त्यांनी खोलीत मोठ्याने म्हणायला लावलं. गुदाशय. योनी. बघ, लिहिलेसुद्धा. छत कोसळलं नाही. मदर आत्ता स्वर्गात असतील तर त्यांनी कानांवर हात ठेवला असेल, पण बोटांच्या फटीतून ऐकत असतील.

डॉक्टरीणबाई माझ्याहूनही बुटक्या आहेत! मला तर तिथेच अर्धं बरं वाटलं. वय चाळिशीच्या आत, पायांत पळायचे बूट. शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी त्या स्टुलावर उभ्या राहतात, आणि सून सांगते की ते स्टूल डुगडुगतं, सगळा विभाग त्याच्या एका पायाखाली कागदाच्या घड्या सारत असतो.

तुझ्या विहिरीचं उत्तर. माझं भोक वर आहे, खोलवर. खालून हात पोचतो, पण डोळा पोचत नाही, आणि मागच्या वेळेमुळे तिथलं कापड जून झालंय. म्हणून वरून जायचं. बेंबीपाशी एका बारीक भोकातून कॅमेरा, आणखी तीन भोकांतून लांब दांड्यांची हत्यारं. पोटात हवा भरून तंबूसारखं वर उचलायचं, म्हणजे आत काम करायला जागा होते. बंद कपाटातल्या कोटाला कुलुपाच्या भोकातून बटण लावण्यासारखं आहे. त्या कागदावर काढून दाखवत होत्या, पण मला पटेना. कपडेपट सांभाळलेल्या बाईला कागदावर काय कळणार? घरी येऊन मी नमुनाच शिवला. एक फ्लॅनेल, एक साटीन, दोन्ही एकमेकांना चिकटलेले आणि दोन्हींतून आरपार भोक. तो घेऊन गेले. म्हटलं, दाखवा.

त्यांनी तो उलटापालटा केला आणि सांगितलं. आधी दोन्ही थर एकमेकांपासून सोडवायचे, भोकाच्या खालपर्यंत, जिथे कापड निरोगी आहे तिथवर. कडा ताज्या करायच्या. गुदाशय वेगळा शिवायचा, योनी वेगळी शिवायची. आणि मग मी विचारलं की टाक्यावर टाका समोरासमोर आला तर पुन्हा तिथेच उसवणार नाही का? मध्ये काही घालणार की नाही? त्यांनी नमुना खाली ठेवला. म्हणाल्या, हा प्रश्न मला परीक्षेत विचारला होता, रुग्णाने आजवर विचारला नव्हता. आपल्या पोटात आतड्यांवर चरबीची एक झालर असते, तिचा पदर खाली ओढून दोन्ही शिवणींच्या मध्ये ठेवायचा. तिच्यात रक्त भरपूर, म्हणून जखम लवकर धरते. गेल्या वेळी मध्ये काही घातलंच नव्हतं. ताई, अकरा वर्षांपूर्वी मला कोणी नमुना शिवू दिला असता तर!

नमुना त्यांनी ठेवून घेतला. बाकीच्या बायकांना दाखवायला.

शिवण वाळेपर्यंत तिच्यावरून काही जाऊ नये, म्हणून लहान आतड्याचं एक वेटोळं तीन महिने पोटावर काढून त्याला पिशवी लावणार. एक पिशवी काढली म्हणून हे रामायण घडलं, आता एक लावून संपवणार.

हमी त्या देत नाहीत. दहांत सात-आठ जणींचं पहिल्या खेपेला टिकतं, एकदा उसवलेलं असलं की थोड्या कमी जणींचं. मी विचारलं, मग तुम्ही काय देता? म्हणाल्या, घाई देत नाही. मला ते उत्तर आवडलं. पण दुपारी मशीनवर बसले की एकच टीप तीनतीनदा उसवून घालते. टिकलं तर तुझ्या सोफ्यावर येऊन बसेन. नाही टिकलं तर तिसऱ्यांदा धाडस व्हायचं नाही, हे मला आत्ताच माहीत आहे, आणि मग माझं स्टूल आणि मी.

म्हणून काल एक यादी करायला घेतली, माझ्यामागे कोणाला काय द्यायचं त्याची. सुनेने बघितलं आणि पेन काढून घेतलं. पहिल्याच ओळीवर यादी अडली आहे.

लोभ आहेच, त्याची शिवण घट्ट राहो.

तुझी,
बुटकी


९ फेब्रुवारी

सौ. बुटकीस,
अ. उ. आ.

यादी अपुरी ठेवणं आपल्या शाळेत चालत नसे. परत येऊन पूर्ण कर. शेरा: काम अर्धवट, हस्ताक्षर बरं.

मी येते म्हटलं तर सून फोनवर म्हणाली की एकाच माणसाला आत सोडतात आणि ते माणूस मी आहे. मला तुझी सून आवडायला लागली आहे. हुकूम सोडणारी बाई घरात एक तरी हवी.

ते दोन शब्द मी काल आरशासमोर उभं राहून म्हणून पाहिले. पहिला जमला. दुसऱ्याच्या वेळी दारावर दूधवाल्याने थाप मारली आणि मी आधी कडी लागली आहे ना ते बघून आले. तरी बंद दाराआड का होईना, म्हटला.

वीस तारखेला सकाळपासून मी यंत्रापाशी बसणार आहे. करणार काहीच नाही. चाकावर हात ठेवून बसणार.

तुझी,
ताई


१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आहे! जिवंत आहे, लिहिते आहे, आणि खांदाही दुखून झाला. शस्त्रक्रिया पोटाची आणि दुखला खांदा! पोटात भरलेल्या हवेचा हा प्रताप, म्हणे. चार दिवसांत गेला. पोटावर चार चिकटपट्ट्या, एकेकीखाली नखाएवढी चीर. मागच्या वेळी पलंगावरून उठायला नऊ दिवस लागले होते, या वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी मी वऱ्हांड्यात सलाइनचा दांडा हातात घेऊन फेऱ्या मारत होते. समोरच्या खाटेवरची आजी म्हणाली, ही बाई ऑपरेशनला आली आहे की मिरवायला?

आता ऐक, आणि बसून ऐक. शस्त्रक्रिया संपत आली तेव्हा त्यांनी काय केलं असेल? डॉक्टरीणबाईंनी चित्रफीत दाखवली म्हणून, नाहीतर माझा विश्वास बसला नसता. माझ्या पोटात, त्या शिवणीवर, पाणी भरलं. आणि खालून, गुदाशयातून, हवा सोडली. आणि सगळे जण श्वास धरून पडद्याकडे बघत राहिले, बुडबुडा येतो का!

काकांची बादली, ताई! पन्नास वर्षांनी! आणि ट्यूब कोण, तर मी!

एकही बुडबुडा नाही. पाणी काचेसारखं स्तब्ध. मी त्या चित्रफितीसमोर असं ओरडले की नर्स धावत आली. डॉक्टरीणबाईंना बाकाची, विटेची, सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी विचारलं की ते काका आता असतील का? म्हटलं, नसतील. म्हणाल्या, मग त्यांच्या वतीने मीच सांगते, ट्यूब चांगली आहे.

टाकेही बघितले. जवळजवळ, एकसारखे, कुठे ओढ नाही. मी असते तर एक टाका तिरका गेला असता. तसं त्यांना सांगितलं, तर लाजल्या.

पोटावरच्या पिशवीचं नाव आम्ही ‘पाहुणी’ ठेवलंय. मध्येच गुरगुरते. हे गंभीरपणे विचारतात, पाहुण्यांना काय हवं? तीन महिने तिची सरबराई, मग एक्स-रे, मग निकाल. खरी परीक्षा तीच. तोवर शिवण धरतेय की नाही हे कोणालाच कळणार नाही, आणि मी तर रोज दहा वेळा डागच शोधते. अकरा वर्षांची सवय.

लोभाला पाण्यात बुडवून बघ, बुडबुडा येणार नाही.

तुझी,
बुटकी


९ मार्च

सौ. बुटकीस,
अ. उ. आ.

चाकावर हात ठेवून मी साडेपाच तास बसले होते. सुनेचा फोन आला तेव्हा हात इतका आखडला होता की फोन डाव्या हाताने उचलला. झालं, छान झालं, असं ती म्हणाली, आणि मी तिला धन्यवादाऐवजी शाब्बास म्हटलं. शिक्षकीचा रोग.

रोज दहा वेळा डाग शोधून काय होणार? शास्त्रीय पद्धतीने चाल. चुनखडीच्या प्रदेशात नदी जमिनीत गडप होते, तेव्हा ती कुठे बाहेर पडते हे शोधायला वरच्या टोकाला पाण्यात रंग टाकतात आणि खालचे झरे बघत बसतात. मी तीस वर्षं हे फळ्यावर काढून दाखवलंय. तू बीट खा. भरपूर. दुसऱ्या दिवशी बघ, नको त्या झऱ्याला रंग येतो का. नाही आला तर शिवण पक्की. तीन महिने कशाला थांबायचं?

घड्याळशास्त्र्यांना सांग, पाहुणीला गोड बोलून वाटेला लावा.

तुझी,
ताई


१७ मार्च

ताई,

लाल आलं. काल चार बिटं खाल्ली, आज सकाळी पॅडवर गुलाबी डाग. मधोमध. तुझ्या खोळीवर होता तेवढाच.

ह्यांना सांगितलं नाही. सुनेला सांगायचं आहे, पण ती कामावर आहे. दाराजवळ स्टूल टाकून बसले आहे. एवढं तुला कळावं म्हणून लिहिते.

बु.


१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मागचं पत्र पोचलं असेल तर फाड. पोचलं नसेल तर टपालवाल्याच्या हातातूनच परत पाठव. आपल्या दोघींना, भूगोलाच्या बाई आणि कपडेपटाच्या बाई, दोघींना वर्गाबाहेर उभं करायला हवं!

संध्याकाळी सुनेने माझा चेहरा बघितला आणि काही न विचारता मला रिक्षात घातलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बराच वेळ. मी छताच्या पंख्याची पाती मोजत होते. तीनच होती, पण पुन्हा पुन्हा मोजली. मग त्यांनी विचारलं, काल काय खाल्लंत? मी म्हटलं, बीट. किती? चार. का? मग मला सगळं सांगावं लागलं. चुनखडी, गडप होणारी नदी, तीस वर्षांचा फळा.

ताई, त्या खुर्चीत बसल्या. हातमोजे काढले आणि डोळे पुसायला लागल्या. मला वाटलं, संपलं. पण त्या हसत होत्या! आवाज न करता, खांदे गदागदा हलवत. मग सांगितलं. बिटाचा रंग लघवीतून उतरतो, पुष्कळांचा उतरतो, आणि या वयात खोकलं-शिंकलं की एखादा थेंब सुटतोच. तो होता माझा गुलाबी डाग. शिवण छान आहे. आणि सगळ्यात मोठी गंमत तर वेगळीच. खाल्लेलं अन्न सध्या त्या वाटेने जातच नाही! सगळं वरच पाहुणीकडे उतरतं. तुझी नदी धरणावरच दुसरीकडे वळवलेली आहे, आणि आपण दोघी खालच्या कोरड्या पात्रात रंग शोधत बसलो!

अकरा वर्षं मी त्या रस्त्यावर पहारा दिला, आणि वाहतूक वळवल्याचं मीच विसरले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पाहुणी तर दोन दिवस अशी लालबुंद झाली होती की हे म्हणाले, काही अपमान झालाय का तिचा?

निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या की शिकलेल्या बायका मला फार त्रास देतात, पण तुमच्या ताईंना एकदा भेटायला आवडेल.

एक गोष्ट मात्र हसण्यातली नाही. परत येताना सून म्हणाली, आई, बाबांनी पुढच्या खोलीत इतकी घड्याळं का लावलीत, कधी विचार केलात? चौदा आहेत. तू एकदा फोटो बघून पत्रात विचारलं होतंस, ही खोली आहे की स्टेशन. मी म्हणायचे, दुरुस्तीला आलेली असतील. घरी येऊन नीट बघितलं तर एकही गिऱ्हाइकाचं नाही. सगळी त्यांनी जुन्या बाजारातून आणून दुरुस्त केलेली, आणि प्रत्येक दोन-तीन मिनिटं पुढेमागे लावलेलं. म्हणजे पाहुणे बसलेले असताना सतत कुठे ना कुठे टोले पडत राहतील. माझ्या अंगाचा कसलाही आवाज कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. अकरा वर्षांत एका शब्दाने बोलले नाहीत. मी मात्र त्यांना म्हणत आले, काय कटकट लावली आहे.

लोभ असाच टोले देत राहो.

तुझी,
बुटकी


२६ मार्च

सौ. बुटकीस,
अ. उ. आ.

पहिलं पत्र आधी आलं, दुसरं त्यानंतर दोन दिवसांनी. मधले दोन दिवस मी कसे काढले, हे विचारू नकोस. सोफ्याची खोळ काढली, धुतली आणि सरळ बाजूने चढवली. डाग अजून आहे. दोन आण्याच्या नाण्याएवढा, फिकट, नकाशातल्या बेटासारखा. एवढ्याशा बेटासाठी आपण दोघींनी अकरा वर्षं समुद्र ओलांडला नाही! शिवण टिको न टिको, तू ये, आणि ह्या बेटावरच बस, असं लिहायला बसले होते, तेवढ्यात दुसरं पत्र आलं.

तेव्हा सोफ्यावर एकटी बसून इतकी हसले की शेजारीण पुन्हा आली. या वेळी मी तिला सगळं सांगितलं. दोन्ही शब्दांसकट. ती ‘अगंबाई’ म्हणून खाली बसली, आणि थोड्या वेळाने हळूच म्हणाली, माझ्या वहिनीला असंच आहे. तिच्यासाठी तू मला डॉक्टरीणबाईंचा पत्ता पाठव.

घड्याळशास्त्र्यांना माझा नमस्कार सांग. स्टेशन म्हटल्याबद्दल माफीसुद्धा.

आणि शिक्षा म्हणून मी स्वतः एक बीट खाल्लं. मलाही रंग उतरला.

तुझी,
ताई


३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निकाल लागला! चौदा मेला मागून औषध सोडून एक्स-रे काढला. पांढरी नदी आपल्याच पात्रातून सरळ वर गेली, कुठे पाट फुटला नाही, कुठे झिरपलं नाही. फोटो धरून डॉक्टरीणबाई स्टुलावर चढल्या आणि दिव्यासमोर धरून मला दाखवला. स्टूल डुगडुगलं, सुनेने एका हाताने त्यांना धरलं, दुसऱ्याने मला.

बावीस तारखेला पाहुणीला निरोप दिला. वाहतूक पूर्ववत. मग सगळं थांबलं एका गोष्टीपाशी. चोवीसला नाही, पंचवीसला नाही. डॉक्टरीणबाई सकाळ-संध्याकाळ एकच प्रश्न विचारायच्या, आणि मी मान हलवायचे. सव्वीसला दुपारी चार वाजता, समोरच्या खाटेवरची बाई पेपर वाचत असताना, ताई, वारा सरला! मागच्या वाटेने. फक्त मागच्या. खणखणीत! पडून राहिले, वाट बघितली. पुढे काही नाही. शांत. कोरडं. सगळ्या वॉर्डाला ऐकू गेलं असणार, कारण त्या बाईंनी पेपर खाली केला, माझ्याकडे बघितलं आणि टाळ्या वाजवायला लागल्या. मग पलीकडची. मग नर्स. मदरच्या हाताखाली आठ वर्षं शिकलेली मी, खाटेवर बसून सगळ्यांना वाकून नमस्कार करत होते!

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, घड्याळं आता थांबवू का? मी म्हटलं, एक ठेवा. तर तेरा काढून त्यांनी ओळीने टेबलावर मांडली आणि खोली एकदम शांत झाली. मग माझ्या पोटात गुरगुरलं. हे म्हणाले, बरं झालं, मला वाटलं मी बहिरा झालो.

आठ दिवस झाले. कोरडं. रोज बघते, पण आता दहा वेळा नाही, एकदाच, आणि तेही गंमत म्हणून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या आहेत की प्रवास करा, आठ तास बसमध्ये बसा, कुठेही बसा. मी बारा तारखेच्या सकाळच्या बसचं तिकीट काढलंय. खिडकीचं नाही, मधलं. दोन्ही बाजूंना माणसं असलेलं.

राग जपून ठेवला आहेस ना? तो घ्यायला मी स्वतः येते आहे. लोभाने मात्र वाटेत उतरू नये, शेवटच्या थांब्यापर्यंत बरोबर यावं.

तुझी,
बुटकी

ता. क. अर्धवट राहिलेली यादी पूर्ण करते आहे. सुनेने पेन परत दिलं. शेरा चांगला दे.

माझे सगळे काळे, तपकिरी आणि गडद निळे कपडे नाटक कंपनीला. खलनायिका आणि विधवा यांना चार हंगाम पुरतील. उरलेले पॅडचे गठ्ठे वॉर्डातल्या नर्सकडे, ज्यांची शिवण अजून व्हायची आहे त्यांच्यासाठी. रबरी चादर ह्यांच्या दुकानाला, टेबलावर घालायला, म्हणजे बारीक स्क्रू घरंगळणार नाहीत. चौदातलं एक घड्याळ आमच्याकडे, एक तुझ्याकडे, एक तुझ्या शेजारणीच्या वहिनीला, डॉक्टरीणबाईंच्या पत्त्यासकट. बाकीची ज्याला वेळ लागेल त्याला.

शिवताना बोटावर घालायचं आईचं चांदीचं अंगुस्तान सुनेला. तिला शिवता येत नाही, पण उसवलेलं तिलाच दिसलं.

माझं घडीचं स्टूल डॉक्टरीणबाईंना. अकरा वर्षं माझं वजन झेललंय, एकदाही डुगडुगलं नाही.

शिवणयंत्र तुलाच. मी दर वर्षी येऊन तेल बघून जाईन.

आणि सोफ्यावरची मधली जागा, बेटासकट, मला.